पूर आपल्या गल्लीत आधी कुठून येतो? (नववीचा भूगोल, सांगली)

खडूफळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत नववी-दहावीला भूगोल शिकवते. शाळेचं नाव लिहीत नाही, इथले निम्मे लोक तसंही ओळखतील.

दहावीच्या पुस्तकात पहिला पाठ क्षेत्रभेटीचा आणि त्यानंतर सगळं पुस्तकभर भारत आणि ब्राझील. माझ्या मुलांना ॲमेझॉनचं खोरं नकाशात डोळे मिटून दाखवता येतं. शाळेमागून जाणारा नाला नदीला कुठं मिळतो, असं विचारलं की मात्र वर्ग चिडीचूप. पाण्याचं त्यांना कळत नाही असंही नाही. पावसाळ्यात ही पोरं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी सांगतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलेलं. आकडे सगळे तोंडपाठ. पण चाळीस फूट म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाणी की नाही, याचा पत्ता नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका तुकडीला एकच प्रश्न दिला. पुराचं पाणी तुमच्या गल्लीत पहिल्यांदा कुठल्या बाजूनं येतं? वहीत जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, ‘नदीकडून’. मग म्हटलं, घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी उत्तरं पालटली. कुणाची आजी म्हणाली गटारातून वर आलं, कुणाचे काका म्हणाले मागच्या नाल्यातून उलटं आलं, एकीच्या घरी तर मोरीतून आलेलं. नदी समोर आणि पाणी पाठीमागून! वर्गात त्या दिवशी जेवढे प्रश्न आले तेवढे वर्षभरात येत नाहीत.

आता यातून आमच्या भागाचा नकाशा करायचा आणि ज्यांच्या हातात काही करणं आहे त्यांच्यापुढे मुलांनीच तो मांडायचा, असं मनात आहे. अडचणी दोन. उंचसखलपणा मोजायला आमच्याकडे काहीही नाही. आणि नकाशा न्यायचा कुणाकडे? जाणकारांनी सांगावं.

कृष्णाकाठ

बाई, पोरांस्नी नाल्याकाठी कशाला फिरवताय? पूर कशानं येतो ते शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. अलमट्टी! कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण. त्याची उंची ५१९.६० मीटरवरनं ५२४ च्या वर न्यायला बसल्यात. एक निवेदन अलमट्टीवर लिवा, पोरांच्या सह्या घ्या, विषय संपला. २००५ ला आमी घरावर बसून काढल्यात दिवस, पुस्तक वाचून नव्हं.

निवृत्त ओव्हरसियर

कृष्णाकाठ, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो. अलमट्टीचा वाद खोटा नाही, उंची वाढवायला आपल्या सरकारचाही विरोध आहे. पण वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचा अभ्यास केला तेव्हा प्रचंड पाऊस आणि पूररेषेच्या आत झालेली बांधकामं यांवर बोट ठेवलं होतं. त्या निष्कर्षावर आपल्याकडच्या अनेक जाणकारांचे आक्षेप आहेत, तेही मुलांना सांगा. दोन्ही बाजू वाचू द्या. नववीची मुलं काही एवढी लहान नाहीत.

आता बाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे. तुम्हाला वाटेल सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा आणला की काम झालं. सांगलीचा पत्रक क्रमांक ४७ एल/९, प्रमाण १:५०,०००. जरूर आणा, मुलांना दाखवा. पण त्यावर समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटरला आहेत. सांगली शहर एवढं सपाट की तुमची अख्खी गल्ली दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत बसेल. शामरावनगरात नदीला पूर नसताना नुसत्या पावसानं पाणी साचतं, तो सगळा सखल भाग आणि काळी माती. तो खोलगटपणा त्या नकाशात तुम्हाला कुठंच दिसणार नाही. पूर येतो तो फुटादोन फुटांच्या फरकानं.

तेव्हा गवंड्याची पद्धत वापरा. पारदर्शक नळी, रंग टाकलेलं पाणी, दोन पट्ट्या. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत, असं पुढं जात शेवटी फिरून पहिल्या खांबावर या. चढ-उतारांची बेरीज शून्य यायला हवी. येणार नाही. किती चुकली ते नकाशावर लिहा. आमच्या खात्यात हे न लिहिणारे पुष्कळ होते.

दुसरी युक्ती याहून सोपी. पुराचं साचलेलं पाणी हीच सगळ्यात मोठी लेव्हल असते. एका छोट्या भागात २०१९ च्या पाण्याची खूण सगळीकडे जवळपास एकाच उंचीवर असणार. म्हणजे जमिनीपासून ती खूण जिथं जास्त उंच, तिथली जमीन तेवढी खाली. विजेचे खांब, देवळाच्या पायऱ्या, शाळेची भिंत, जिथं जिथं खूण शिल्लक आहे तिथं टेप लावा. नळीनं काढलेलं आणि हे ताडून बघा.

हळदबाजार

ओव्हरसियर साहेब, एक नंबर. आमच्या पेठेतल्या गोदामांच्या भिंतींवर अजून खुणा आहेत. २००५ ची वेगळी, २०१९ ची तिच्या वर, २०२१ ची मधे. मुलं येणार असतील तर सांगा, चहा-बिस्किटं माझ्याकडे.

एक पालक

माझा मुलगा नववीत आहे (या शाळेत नाही). विरोधासाठी लिहीत नाही, पण दोन गोष्टी खटकतात.

दहावीला भूगोल ४० गुणांचा. त्यात गल्लीतल्या नाल्यावर प्रश्न येत नाही. क्लासवाले महिन्याला किती घेतात तुम्हाला माहीत आहे, वर हा वेळ.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही कुणाच्या भिंतीवर किती पाणी होतं याचा नकाशा करणार. तो व्हॉट्सॲपवर फिरणार. आमच्या अपार्टमेंटमधला एक फ्लॅट विकायला काढलाय. उद्या गिऱ्हाईक तुमचा नकाशा दाखवून भाव पाडेल, तेव्हा ती मुलं येणार आहेत का भरपाई द्यायला? पुराचं दुःख आम्ही भोगलंय, त्याची जाहिरात कशाला?

शेरीनाला_निरीक्षक

एक पालक, म्हणजे गिऱ्हाईकाला कळू नये असं तुमचं म्हणणं आहे तर! त्या गिऱ्हाईकाची पोरं पुढच्या पुरात पोत्यात पुस्तकं भरून गच्चीवर बसणार. निळी आणि लाल पूररेषा सरकारनंच आखली आहे. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. ती रेषा लोकांना ठाऊक नसणं हेच तर आपलं दुखणं आहे.

एक पालक

मी लपवा म्हणत नाही. सरकारी रेषा सरकारनं दाखवावी. चौदा वर्षांच्या मुलानं शेजाऱ्याच्या घरावर खूण करून त्याच्याशी वैर का घ्यावं? मुलगा माझा, त्याच गल्लीत राहणार आहे.

जतकर

तुमचं पुराचं चालू द्या, आमचंबी ऐका. जिल्हा एकच बरं का. २०१६ च्या एप्रिलात मिरजेतनं लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. चांगलं झालं, तहानलेल्याला पाणी द्यावंच. पण त्याच उन्हाळ्यात आमच्या पूर्व भागात टँकर फिरत होते आणि बाया घागरी घेऊन वाट बघत होत्या, ते कुठल्या पेपरात पहिल्या पानावर आलं?

मी जत तालुक्यातल्या एका शाळेत आहे. नदीचा नकाशा काढा म्हटलं तर आमची पोरं कालव्याचा काढतात. म्हैसाळला कृष्णेचं पाणी पंपानं उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवत इकडं आणायचं. पाणी चढावर येतं म्हटल्यावर वीजबिल कोण भरणार हा प्रश्न आलाच. इथं भूगोल कुठं संपतो आणि नागरिकशास्त्र कुठं चालू होतं, मला अजून सांगता येत नाही. २०२२ साली सीमेवरच्या गावांनी पाण्यापायी कर्नाटकात जातो म्हटलं तेव्हा माझ्या वर्गात दोन तट पडले होते. तो तास मी थांबवला नाही. मुख्याध्यापकांनी नंतर बोलावून घेतलं, ते असो.

बाई, तुमच्या नकाशात नदीच्या वरचं आणि खालचंही थोडं दाखवा. तुमच्याकडे जास्त झालेलं पाणी आमच्याकडं कमी पडतंय.

कऱ्हाडची

जतकर +१. वरचं म्हणाल तर आमच्याकडे या. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, मुलांना उभं राहून बघता येतं. कोयना धरण १०५ टीएमसीचं. टीएमसी, क्युसेक हे शब्द मुलं बातम्यांत रोज ऐकतात, अर्थ कुणी सांगत नाही. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी खाली जातं. गणिताच्या बाईंना सोबत घ्या. कोयनेतून सोडलेलं पाणी आयर्विनला किती तासांनी चढतं, हे मुलांनी पावसाळ्यातल्या रोजच्या बातम्यांतून स्वतः काढावं. तयार उत्तर देऊ नका.

निवृत्त ओव्हरसियर

बरोबर. आणि खालच्या बाजूला हरिपूर विसरू नका. सांगली ओलांडली की लगेच वारणा मिळते. वारणा भरून वाहत असेल तर कृष्णेला पुढं सरकायला जागा मिळत नाही, पाणी मागं तुंबतं. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा तेच करते. मुलांना हरिपूरच्या संगमेश्वराच्या घाटावर नेऊन हे दाखवा, मात्र पाणी ओसरल्यावर.

गावभागची लेक

मी सांगलीची, सध्या नोकरीनं पुण्यात. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आत्ता नववीत असलेली मुलं २०१९ ला सात-आठ वर्षांची होती. माझी भाची त्यातलीच. अंधारात बोटीत बसवून तिला बाहेर काढलं होतं. अजून जोराचा पाऊस लागला की ती दप्तर कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवते आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. तिला शाळेत सगळ्यांसमोर ‘तुझ्या घरी पाणी कसं आलं, सांग’ म्हटलं तर? ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटून माणसं गेली. त्या बाजूचं एखादं मूल तुमच्या वर्गात असू शकतं.

उपक्रम सोडा म्हणत नाही. मुलांनी आपलं सांगण्याऐवजी मोठ्यांना विचारावं. आज्या भरभरून बोलतात. ज्याला बोलायचं नाही त्याला नळी धरायचं काम द्या, आकडे लिहायचं द्या.

खडूफळा

गावभागची लेक, तुमचा प्रतिसाद छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. तसंच करणार.

एक पालक, तुमच्या मुद्द्यावर वर्गातच चर्चा घेतली, तुमचं नाव-गाव काहीच माहीत नाही म्हणून ते सोपं गेलं. दोन मुलांची घरं अगदी सखल भागात आहेत, त्यातल्या एकाचे वडील घर विकायच्या विचारात आहेत. तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘बाई, आमचं घर दाखवू नका, पण आमच्यासमोरचा खांब दाखवा.’ वर्गानं तेच ठरवलं. खुणा फक्त सार्वजनिक जागांवरच्या मोजायच्या. खांब, पार, शाळा, देऊळ, चौकातला कट्टा. घर क्रमांक नाही, मालकाचं नाव नाही. माझ्या मते हा तास नागरिकशास्त्राच्या वर्षभराच्या तासांहून भारी झाला. आणि ४० गुणांचं म्हणाल, तर पुढं वाचा.

खडूफळा

बऱ्याच दिवसांनी वर आणतेय धागा. मोजणी संपली.

नळी आणि भिंतीवरच्या खुणा, दोन्ही पद्धतींनी केलं. जे निघालं ते मला पुस्तकातून माहीत होतं, तरी पायाखाली कधी बघितलं नव्हतं. आमच्या भागात नदीकाठची जमीन उंच आहे आणि काठापासून आत गेलं की जमीन उतरत जाते. सगळ्यात खोल जागा नदीजवळ नाहीच, ती आहे मागच्या गल्लीत, नाल्यालगत. नववीच्या पाठात पूरतटाची आकृती आहे. पुरात नदी काठावरच जाड गाळ टाकते, काठ वर चढतात, पलीकडे पूरमैदान सखल राहतं. मुलं वर्षानुवर्षं ही आकृती कंपासनं काढतात आणि दोन गुण घेतात. या वेळी एक मुलगी मागच्या गल्लीत नळी धरून उभी होती, ती ओरडली, ‘बाई, मी पूरतटाच्या खाली उभी आहे!’ म्हणूनच नदी काठ ओलांडायच्या कितीतरी आधी पाणी नाल्याच्या तोंडातून आत शिरतं आणि खोल जागा आधी भरते. आज्या बरोबर होत्या.

एक पालक, पूरतट-पूरमैदानावर परीक्षेत प्रश्न आला तर या तुकडीचं एकही पोर चुकणार नाही, एवढं लिहून देते.

शिवाय नाल्यावरची एक मोरी (घरातली नव्हे, रस्त्याखालून नाल्याचं पाणी जायची वाट) सापडली. अर्धी राडारोड्यानं बुजलेली, वरून कुणाला दिसत नाही. पाणी उलटं यायला तिची अडचण नाही, ते येतंच. पूर ओसरताना मात्र पाणी तिथंच अडून राहतं. त्या गल्लीत पाणी दोन-तीन दिवस जास्त का थांबतं, याचं कारण हे असावं असं मुलांनी लिहिलंय. ‘असावं’ हा शब्द त्यांचाच, मी घातलेला नाही.

शेरीनाला_निरीक्षक

जबरदस्त! आता निवेदन. अनुभवावरून सांगतो. एका पानाचं करा. पहिल्या ओळीत मागणी, मग नकाशा, मग फोटो तारखेसह. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असलं काही लिहू नका, कार्यवाही कुठली ते लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. पोहोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजा. महिन्याभरात काही हललं नाही तर मोठ्या माणसाच्या नावानं माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. मुलांचं नाव, सही, पत्ता त्यात नको. आणि कुठलाही नगरसेवक फोटोला आला तर मुलांना मागं घ्या. हा शेवटचा सल्ला सगळ्यात महत्त्वाचा.

कृष्णाकाठ

बाई, आमच्या घरामागं बी एक मोरी हाय, बुजलेली. अलमट्टी अलमट्टी करत बसलो आमी, तिकडं कुणी बघितलंच न्हाई. अलमट्टीचं आपलं म्हणणं मी सोडत न्हाई, पर पोरं आली तर दावतो.

खडूफळा

निवेदन दिलं. पाच मुलं आणि मी. कार्यालयाचं नाव लिहीत नाही.

आधी विचारणा झाली, ‘हे तुम्हाला कुणी करायला लावलं?’ एका मुलीनं सरळ सांगितलं, ‘पूरतटाच्या पाठानं.’ त्यावर एक साहेब हसले आणि नकाशा टेबलावर पसरला. त्यांना मोरीबद्दल आधीच माहीत होतं. त्यांची अडचण वेगळी. मोरीवरचा रस्ता एका खात्याचा, खालचा नाला दुसऱ्याचा, आणि नाल्याच्या कडेची पट्टी कुणाची यावर कागद फिरतोय. मुलांनी तिथल्या तिथं नकाशा मागून घेतला आणि रंगीत पेन्सिलीनं तीन हद्दी भरायला लागली. साहेबांनी स्वतः एक रेघ दुरुस्त करून दिली. पुस्तकात प्रशासकीय नकाशा असतो तो राज्याचा, जिल्ह्याचा. एका मोरीचा प्रशासकीय नकाशा मीही पहिल्यांदाच पाहिला.

निकाल विचाराल तर मोरीतला राडारोडा निघाला. नाल्याच्या तोंडाला झडप बसवायची मागणी ‘तपासून घेतो’ वर आहे. शिक्का मारलेली प्रत वर्गात लावली आहे. मुलं खूश नाहीत, त्यांना झडप हवी होती. मला त्यांची ही नाराजी बरी वाटते. खूश झाली असती तर तिथंच थांबली असती.

एक पालक

वाचत होतो सगळं. खांबांपुरतंच ठेवलंत ते बरं केलंत. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरही एक खांब आहे, त्यावर २०१९ ची खूण स्पष्ट आहे. मुलाला सांगितलंय मोजायला. गुणांबद्दलचं मत कायम आहे.

जतकर

बाई, आमचं ठरलं. आमची नववी म्हैसाळच्या पंपापासनं सुरू करून कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी कुठं कुठं मुरतंय, कुठं चोरीला जातंय ते नोंदवणार. चोरीचं नकाशावर कसं दाखवायचं हे ओव्हरसियर साहेबांनी सांगावं. जाताना तुमच्याकडं एक दिवस थांबतो. नळी तुमची, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आमची. मुक्कामाला शाळेचा हॉल मिळंल का तेवढं बघा.

निवृत्त ओव्हरसियर

चोरी दाखवू नका, ‘नोंद नसलेला उपसा’ असं लिहा, नाहीतर परतीची एस.टी. मिळायची नाही. आणि खडूफळा बाई, तुमच्या नकाशाचा फोटो मोठा करून पाहिला. काम उत्तम. उत्तर दिशा दाखवली आहे, प्रमाणपट्टी मात्र नाही. शाई फिरवायच्या आधी घालून घ्या.